संसार सुनेचा, किल्ल्या सासूकडे

माझी मावसबहीण लग्न होऊन दिल्लीला गेली, त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. तिचे मराठी अजून शाबूत आहे. फक्त रागावली की हिंदीत बोलते. तीन-चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिचा फोन आला, तो मुळी हिंदीतूनच सुरू झाला. घरासमोरचे गटार तुंबले होते आणि पाणी अंगणातून थेट दिवाणखान्यात शिरले होते. ती आणि तिचे यजमान तक्रारीचा कागद घेऊन निघाले. पहिल्या कार्यालयात सांगण्यात आले, गटार ज्या रस्त्याच्या कडेला आहे तो रस्ता ज्यांचा, त्यांच्याकडे जा. दुसऱ्या कार्यालयाने सांगितले, रस्ता आमचा खरा, पण गाळ काढणे आमच्याकडे नाही. तिसरीकडे गेले, तर साहेबांची बदली झालेली आणि त्यांच्या जागी कोण येणार याचा पत्ता नाही.

''अरे, प्रत्येक निवडणुकीला मी सकाळी सातला रांगेत उभी असते,'' शेवटी ती मराठीत म्हणाली, ''पण या पाण्याबद्दल नक्की कुणाला धरायचं, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.''

तेव्हा मी हसलो. पुढे दिल्लीच्या राज्यकारभाराविषयी एकामागून एक कायदे, वटहुकूम आणि न्यायालयाचे निकाल वाचनात येत गेले, तसे लक्षात आले की आमच्या ताईने गटाराच्या पाण्यात उभे राहून राज्यघटनेच्या एका जुन्या दुखण्यावर बोट ठेवले होते. दिल्लीत विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहेत, मंत्री आहेत. नाही तो एका साध्या प्रश्नाचा एकच एक जबाबदार धनी.

दिल्लीचा कारभार किती हातांत वाटला गेला आहे, ते आधी पाहू. पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाताखाली. जमीन केंद्राची, ती सांभाळणारे दिल्ली विकास प्राधिकरण १९५७ च्या केंद्रीय कायद्याने जन्मलेले आणि नायब राज्यपाल त्याचे अध्यक्ष. पाणीपुरवठा, सरकारी दवाखाने आणि अनेक सरकारी शाळा राज्य सरकारकडे. साफसफाई महापालिकेकडे. ल्युटेन्सने आखलेल्या नव्या दिल्लीसाठी वेगळी नगरपरिषद, लष्करी छावणीसाठी वेगळे मंडळ. म्हणजे शाळा राज्य सरकारने चालवायची, पण नवी शाळा बांधायला जमीन हवी असेल तर ती दुसऱ्याकडून मिळवायची. 'आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना' ही म्हण ज्याने केली, त्याने दिल्लीचे पाणी प्यायले असावे.

हे असे का झाले, याचा शोध घेताना मराठी माणसाला थबकावे लागते ते १९५६ सालापाशी. स्वातंत्र्यानंतर दिल्ली हे 'क' वर्गाचे राज्य झाले. १९५२ मध्ये ४८ सदस्यांची विधानसभा आली आणि अवघ्या तिशीतले चौधरी ब्रह्मप्रकाश मुख्यमंत्री झाले. पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय त्या विधानसभेच्या कक्षेबाहेर होते आणि वर केंद्राने नेमलेला मुख्य आयुक्त बसलेला होता. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. राष्ट्राच्या राजधानीत दोन सरकारे नांदू शकत नाहीत, असा आयोगाच्या म्हणण्याचा रोख होता. त्याप्रमाणे दिल्लीची विधानसभा बरखास्त झाली.

याच आयोगाच्या अहवालातून आपल्याकडे काय पेटले, हे वेगळे सांगायला नको. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले. मुंबई पेटली, गोळीबार झाले, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई केंद्राकडे गेली नाही. द्वैभाषिकात का होईना, ती राज्यातच राहिली आणि १९६० साली महाराष्ट्राची राजधानी झाली. त्याच १ नोव्हेंबरला, कुठलाही गाजावाजा न होता, दिल्ली केंद्रशासित झाली. एका शहराने जे नाकारले, ते दुसऱ्याच्या पदरात पडले. मुंबई केंद्राकडे गेली असती तर आपल्या तक्रारींचा कागद आज कुठे कुठे फिरला असता, हे कळायला ताईचे गटार पुरेसे आहे.

त्यानंतर दिल्लीकरांना काय मिळाले? आधी महापालिका. मग १९६६ च्या कायद्याने महानगर परिषद: ५६ निवडलेले सदस्य, ५ नेमलेले, आणि अधिकार फक्त शिफारस करण्याचा. सभागृह, अध्यक्ष, भाषणे सगळे होते. कायदा करण्याची ताकद तेवढी नव्हती. आपल्याकडे लग्नात रुसून बसलेल्या आत्याला 'तुम्हाला विचारल्याशिवाय काही होणार नाही' असे सांगतात, त्यातला हा प्रकार. पुढे १९८७ साली केंद्राने समिती नेमली. तिचा अहवाल १९८९ च्या डिसेंबरात आला आणि त्यावरून १९९१ मध्ये ६९वी घटनादुरुस्ती झाली. २३९ एए हे कलम घटनेत आले, ७० जागांची विधानसभा मिळाली आणि १९९३ च्या निवडणुकीनंतर मदनलाल खुराना मुख्यमंत्री झाले. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय सोडून राज्यसूचीतील बाकीचे विषय या विधानसभेकडे आले.

कागदावर ही वाटणी स्वच्छ होती. पण याच कलमात एक वाक्य असे होते की, 'कोणत्याही बाबतीत' मंत्रिमंडळाशी मतभेद झाला तर नायब राज्यपालाने प्रकरण राष्ट्रपतींकडे पाठवावे. राष्ट्रपती म्हणजे अर्थातच केंद्र सरकार. घरात नवी सून आली, तिला म्हटले, ''आजपासून स्वयंपाकघर तुझं.'' पण कोठीच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. सासू समजूतदार असेल तर मागितल्याबरोबर किल्ली मिळते आणि कोणाला काही जाणवतही नाही. बिनसले, की डाळ शिजायची थांबते आणि पाहुणे मात्र सुनेला नावे ठेवतात.

दिल्लीत पहिली वीस वर्षे साधारण समजुतीने गेली. खुरानांच्या वेळी केंद्रात काँग्रेस होती. शीला दीक्षित १९९८ मध्ये आल्या, तेव्हा केंद्रात भाजप होता. कुरबुरी झाल्या, पत्रे गेली-आली, पण कारभार चालला. आपला कायदा मजबूत आहे असा त्यामुळे सगळ्यांचाच समज झाला. वास्तविक मजबूत होता तो शिष्टाचार. २०१५ नंतर तो संपला आणि मग कायद्याच्या भिंतीतल्या भेगा दिसल्या.

भांडणाचे मूळ एका रुक्ष शब्दात होते. तो शब्द म्हणजे 'सेवा', अर्थात सरकारी अधिकाऱ्यांच्या नेमणुका, बदल्या आणि त्यांच्यावरील शिस्तभंगाची कारवाई. मे २०१५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून हा विषय नायब राज्यपालांच्या अखत्यारीत असल्याचे जाहीर केले. शिक्षणमंत्री निवडून आलेला; पण शिक्षण सचिव कोण असावा, नीट काम करत नसेल तर काय करावे, हे त्याच्या हाती नाही. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, नायब राज्यपाल सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. 'कोणतीही बाब' याचा अर्थ 'प्रत्येक बाब' असा होत नाही. सेवांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. २०१९ च्या फेब्रुवारीत दोन न्यायमूर्तींची त्यावर दोन मते पडली.

यानंतर संसदेने दोन कायदे केले. २०२१ च्या दुरुस्तीने ठरवले की, दिल्ली विधानसभेच्या कायद्यात जिथे 'सरकार' असा शब्द येईल तिथे त्याचा अर्थ 'नायब राज्यपाल' असा घ्यायचा. शिवाय विधानसभेने किंवा तिच्या समित्यांनी दैनंदिन प्रशासनाचा विचार किंवा प्रशासकीय निर्णयांची चौकशी करायची नाही. वाचकांनी क्षणभर थांबून हे वाक्य पुन्हा वाचावे. आमदाराने प्रशासनाला प्रश्न विचारायचे नाहीत, तर त्याने करायचे काय?

११ मे २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने सेवांचा निकाल एकमताने दिला. पोलीस, सुव्यवस्था आणि जमीन वगळता अन्य खात्यांतील अधिकाऱ्यांवर दिल्ली सरकारचे नियंत्रण आहे, असा तो निकाल. त्यातला युक्तिवाद शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. अधिकारी मंत्र्याला जबाबदार, मंत्री विधानसभेला जबाबदार, विधानसभा मतदाराला जबाबदार. ही तीन कड्यांची साखळी. तिची एक कडी निखळली की मतदाराच्या हातात नुसता साखळीचा तुकडा उरतो.

निकालाची शाई वाळते न वाळते तोच, आठव्या दिवशी, १९ मे रोजी केंद्राने वटहुकूम काढला. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. राज्यसभेत १३१ विरुद्ध १०२ मतांनी तो संमत झाला. या कायद्याने बदल्या-नेमणुकांसाठी एक प्राधिकरण स्थापन केले. त्यात तिघे जण: अध्यक्ष मुख्यमंत्री आणि सदस्य म्हणून मुख्य सचिव व गृहखात्याचे प्रधान सचिव. निर्णय बहुमताने. म्हणजे लाखो मतदारांनी निवडलेल्या मुख्यमंत्र्याचे एक मत आणि दोन नोकरशहांची दोन मते. त्यांच्या शिफारशीशी नायब राज्यपाल सहमत नसतील, तर अखेरचा शब्द त्यांचा. अध्यक्षपदाची खुर्ची मुख्यमंत्र्याला दिली खरी. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. दिल्ली ही केवळ दिल्लीकरांची नाही. तिथे संसद आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, परदेशी वकिलाती आहेत. तिथल्या रस्त्यावर उद्या राज्य सरकारच्या पोलिसांनी केंद्रीय मंत्र्यालाच अडवले तर काय, ही भीती काल्पनिक म्हणून उडवून लावता येणार नाही. शिवाय २३९ एए कलमानेच संसदेला दिल्लीसाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याचा अधिकार दिला आहे आणि २०२३ च्या निकालानेही तो नाकारलेला नाही. त्यामुळे 'संसदेने केले ते बेकायदाच' असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. कायद्याला दिलेले आव्हान न्यायालयाने घटनापीठाकडे सोपवले. त्या कायदेशीर वादात मला शिरायचे नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. जे करण्याचा अधिकार आहे ते सगळे करणे शहाणपणाचे असते काय?

जगातल्या इतर राजधान्यांनी या पेचातून निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. लंडनची निवडून आलेली बृहन्लंडन परिषद १९८६ मध्ये केंद्र सरकारने मोडीत काढली. चौदा वर्षे त्या महानगराला एकत्रित लोकनियुक्त कारभारी नव्हता. मग १९९८ मध्ये सार्वमत घेऊन, १९९९ चा कायदा करून, २००० साली थेट निवडलेला महापौर आला आणि पुढे पोलिसांवरील देखरेखही त्याच्याकडे आली. राणीचा राजवाडा, पार्लमेंट, वकिलाती सगळे तिथेच होते. काही बिघडले नाही. उलट वॉशिंग्टनला १९७३ च्या कायद्याने स्वशासन मिळाले, पण त्याच्या कायद्यांवर अमेरिकी काँग्रेसचा नकाराधिकार कायम राहिला. २०२३ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने केलेली फौजदारी कायद्याची सुधारणा काँग्रेसने रद्द केली. म्हणजे दोन्ही वाटा आहेत. मात्र दोन्हीकडे नागरिकाला निदान हे कळते, की नकार कुणी दिला. दिल्लीत तेच कळत नाही.

आणि आपल्या राजकीय पक्षांचे काय? त्यांच्याविषयी बोलताना कोणा एकाला झोडपून भागणार नाही. दिल्लीला पूर्ण राज्याचा दर्जा द्यावा, ही मागणी भाजपने वर्षानुवर्षे केली. २००३ मध्ये उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणींनी तसे विधेयक लोकसभेत मांडलेही, पण लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक विरले. काँग्रेसच्या शीला दीक्षित मुख्यमंत्री म्हणून हीच मागणी करत. त्यांचाच पक्ष २००४ पासून दहा वर्षे केंद्रात होता, तेव्हा ती पुरी झाली नाही. आम आदमी पक्षाने तर याच मागणीवर रान उठवले. जो दिल्लीत असतो त्याला किल्ल्या हव्या असतात. जो केंद्रात असतो त्याला त्या कमरेला बऱ्या वाटतात. सासूही कधी काळी सून होती, हे घरोघरी विसरले जाते, तसेच हे.

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत दिल्लीत भाजपला ४८ जागा मिळाल्या आणि रेखा गुप्ता मुख्यमंत्री झाल्या. केंद्रात आणि राज्यात एकच पक्ष आला. तेव्हा बरेच जण म्हणाले, चला, भांडण मिटले. मला हे समाधान फसवे वाटते. सासू-सुनेचे पटते आहे म्हणून किल्ल्यांचा प्रश्न सुटला, असे होत नाही. कायदा हा पटत नसतानाच्या दिवसांसाठी असतो. सगळे एका ताटात जेवत असताना वाटणीपत्र कोण काढतो? आणि वाटणीपत्र नीट करायचे तर तेही अशाच शांत दिवसांत करावे. भांडणाच्या दिवशी केलेले वाटणीपत्र सूडाचे असते. २०२१ आणि २०२३ चे कायदे भांडणाच्या दिवसांतले आहेत, हेच त्यांचे मोठे वैगुण्य.

मग करावे काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक, राजधानी म्हणून ज्याची काळजी केंद्राने वाहायची, तो भाग डोळ्यांना दिसतो. दिल्लीचे एकूण क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर. नव्या दिल्लीच्या नगरपरिषदेचा भाग जेमतेम ४३. तो केंद्राने खुशाल सांभाळावा. पण संसदेच्या सुरक्षिततेसाठी नरेल्याच्या किंवा नजफगडच्या शाळेतील मुख्याध्यापकाची बदली नायब राज्यपालांच्या मर्जीवर अवलंबून कशाला हवी? दोन, जे खाते मंत्र्याकडे, त्या खात्याचा अधिकारी त्या मंत्र्याला जबाबदार असावा. केंद्राला एखाद्या निर्णयावर हरकत असेल तर ती ठराविक मुदतीत, लेखी, कारणांसह घ्यावी आणि ते कारण विधानसभेच्या पटलावर ठेवावे. गुपचूप अडवलेली फाईल ही लोकशाहीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक चैन आहे. तीन, दिल्लीच्या अधिकारांत फेरफार करण्यापूर्वी तिच्या विधानसभेचे मत मागवावे. राज्याच्या सीमा बदलायच्या असतील तर घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवतात; ते बंधनकारक नसते, पण विचारले तर जाते. दीड कोटीहून अधिक मतदार असलेल्या दिल्लीला तेवढेही विचारले जाऊ नये?

हे सगळे वाचून 'दिल्लीचे दिल्लीकर पाहतील' असे कुणी म्हणेल, तर त्यांनी आपल्या दाराशी पाहावे. मुंबईचे महापौर झूल पांघरून मिरवतात. कारभाराची सूत्रे १८८८ च्या कायद्यापासून राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती आहेत. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नसताना प्रशासकाने देशातली ही सर्वांत श्रीमंत महापालिका चालवली. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांना जे अधिकार द्यायचे ठरले, त्यांतले किती आपल्या राज्याने खरोखर खाली सोडले? केंद्राने दिल्लीशी जे केले म्हणून आपण नाक मुरडतो, ते प्रत्येक राज्य आपल्या शहरांशी करतेच आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांची मागणी फक्त नकाशाची नव्हती. आपला कारभार आपल्याला जबाबदार असावा, हीही होती. ती अर्धीच पुरी झाली आहे.

परवा ताईला फोन केला. गटाराचे विचारले. ''झालं की साफ,'' ती म्हणाली, ''गल्लीतल्या सगळ्यांनी पैसे गोळा करून माणूस लावला.'' मी विचारले, मग आता मताला जाणार का? ती चिडली आणि चक्क हिंदीत म्हणाली, ''क्यों नहीं जाऊंगी? मेरा हक है.'' हक्क तिने सोडलेला नाही. त्या हक्काला काही अर्थ उरावा, एवढी काळजी कायदे करणाऱ्यांनी घ्यायची आहे.